दहा डॉलर कमी

साहेबाच्या खोलीत एक बाई नोकरी मागायला आली आहे. साहेबाने तिचे वय विचारले. धर्म विचारला. लग्न झाले का, हेही विचारले. बाई चाचरली, पण बोलली. असले प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे आणि त्यांचा माझ्या कामाशी काही संबंध नाही, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. साहेबाने तिला नीट न्याहाळले. तुझ्यात ‘स्पंक’ आहे, म्हणाला. बाई सुखावली, काहीतरी पुटपुटली. तिचे पुटपुटणे संपायच्या आत साहेब गुरकावला : मला स्पंकचा तिटकारा आहे.

‘द मेरी टायलर मूर शो’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्याच भागातला हा प्रसंग. १९ सप्टेंबर १९७० रोजी सीबीएस वाहिनीवर तो दिसला. साहेब म्हणजे लू ग्रँट, मिनियापोलिसच्या एका रडतखडत चालणाऱ्या टीव्ही वाहिनीच्या बातमी विभागाचा प्रमुख; काम एड अ‍ॅस्नरचे. बाई म्हणजे मेरी रिचर्ड्स, वय तीस, ठरलेले लग्न मोडून नव्या शहरात आलेली. काम खुद्द मेरी टायलर मूरचे. स्पंक म्हणजे धमक, रग, अंगातला जोर. शब्द बोलीतला, घरगुती. अमेरिका पन्नास वर्षे हा संवाद पाठ म्हणते आहे. २०१७ च्या जानेवारीत मूर गेली तेव्हा तो दाखवला गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅस्नर गेला तेव्हाही दाखवला गेला.

दाखवला गेला तो गुरकावण्यापर्यंत. त्याच्यापुढचे कोणी फारसे सांगत नाही.

पुढचे असे. बाई आली होती सेक्रेटरीच्या जागेसाठी. ती जागा भरली गेली होती. दुसरी एक आहे, साहेब म्हणाला होता. तिथे पुरुष घ्यावा असे माझ्या मनात होते, पण बोलू. मग ते प्रश्न झाले. मग तो शब्द झाला. शब्द देऊन झाल्यावर साहेबाने पदाचे नाव सांगितले : असोसिएट प्रोड्युसर. बाई हरखली. मग पगार सांगितला : सेक्रेटरीपेक्षा आठवड्याला दहा डॉलर कमी. चालेल, बाई म्हणाली. साहेबाने आणखी एक देऊ केले. पंधरा डॉलर कमी चालत असतील तर प्रोड्युसरच करतो. नको, बाई म्हणाली, मला असोसिएटपर्यंतच परवडेल.

प्रेक्षक हसले. हसायलाच लिहिले होते. पण क्रम पाहा. आधी कौतुक, मग पद, मग पगार. कौतुक जितके वर, पद जितके वर, पगार तितका खाली. भाजीवाल्याने वजनात मारून वर कोथिंबिरीची काडी टाकावी, तसा तो शब्द पिशवीत पडला आहे. गिऱ्हाईक काडी पाहून खूश आहे.

स्पंकचा अर्थ शब्दकोशात मिळतो. धैर्य, चिकाटी, उत्साह. कोशात मिळत नाही ते एवढेच, की हा शब्द कोणी कोणाबद्दल वापरायचा. पण इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येकाला ते पक्के ठाऊक असते. अमेरिकेच्या अध्यक्षाबद्दल हा शब्द कोणी वापरत नाही. लष्करप्रमुखाबद्दल नाही. मोठ्या बँकेच्या चेअरमनबद्दल तर नाहीच. त्यांच्याकडे नेतृत्व असते, निर्धार असतो, दूरदृष्टी असते. स्पंक असते ते शाळकरी मुलीकडे. नव्वदीच्या आजीकडे. पाच फुटी खेळाडूकडे. तीन पायांवर पळणाऱ्या कुत्र्याकडे. आणि मुलाखतीला आलेल्या बाईकडे.

या यादीत समान काय आहे ते उघड आहे. यांपैकी कोणाकडून बोलणाऱ्याची अपेक्षाच नव्हती. तुझ्यात स्पंक आहे, याचा पूर्ण उच्चार असा : तुझ्यात इतके असेल असे वाटले नव्हते. न वाटणे हे बोलणाऱ्याचे. पण त्याचा हिशेब बाईच्या खात्यावर मांडला जातो, तोही बक्षीस म्हणून.

याच कुळातला दुसरा शब्द ‘फायस्टी’. तोही बायकांना, म्हाताऱ्यांना आणि ठेंगण्यांना राखून ठेवलेला. त्याचे मूळ ‘फाइस्ट’मध्ये. फाइस्ट म्हणजे लहान चणीचे, भुंकणारे कुत्रे. कौतुक करणाऱ्याला मूळ माहीत नसते, हे खरे. पण शब्द कोणत्या आकाराच्या प्राण्यासाठी आहे, ते त्याला न सांगता कळते.

शब्द पहिल्यापासून असा खाली पाहणारा नव्हता. मूळ अर्थ लाकडाचा. आत सडून, बुरशी लागून मऊ झालेले, ठिणगी पडताच पेट घेणारे लाकूड म्हणजे स्पंक. स्कॉटलंडमध्ये काडेपेटीतल्या काडीलाही स्पंकच म्हणत. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला चामखीळ घालवायला ‘स्पंक-वॉटर’ हवे असते, ते सडक्या बुंध्याच्या पोकळीत साचलेले पावसाचे पाणी. हिंमत वगैरे अर्थ पुढे आला तो या पेट घेण्यावरून.

ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘शी स्टूप्स टु काँकर’ या १७७३ च्या नाटकात हा शब्द हिमतीच्या अर्थाने येतो. दारूच्या गुत्त्यात येतो आणि टोनी लंपकिन या जमीनदाराच्या पोराबद्दल येतो. म्हणणारे त्याच्याच पैशावर पिणारे. टोनी आईच्या लाडाने बिघडलेला, अक्षरशत्रू. पण वर्षाला पंधराशे पौंडांचा वारस. म्हणजे तेव्हा हा शब्द खालून वर जात होता, खुशामत म्हणून. नंतर कधीतरी त्याने दिशा बदलली. वरून खाली येऊ लागला. खुशामत करणाऱ्याला निदान समोरच्याच्या खिशातून काही मिळवायचे असते. वरून खाली येणाऱ्या स्पंकमध्ये समोरच्याच्या खिशात काही कमी घालायचे असते.

ब्रिटनमध्ये आज हा शब्द चारचौघांत जपून उच्चारतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या बोलीत त्याला वीर्य असा अर्थ चिकटला आहे. ऑस्ट्रेलियात स्पंक म्हणजे देखणा माणूस किंवा देखणी बाई. मिनियापोलिसच्या साहेबाने जे मुलाखतीत सहज म्हटले, ते लंडनच्या साहेबाला महागात पडले असते. आपण यावर नाक मुरडायचे कारण नाही. ‘शौर्य-वीर्य’ असा जोड आपले वक्ते शिवजयंतीच्या व्यासपीठावरून खणखणीत आवाजात ठोकतात आणि सभेत कोणी खाली मान घालत नाही. वीर्य म्हणजे मुळात पराक्रमच. दोन भाषा, दोन खंड, आणि दोघींनीही अंगातला जोर पुरुषाच्याच अंगात साठवून ठेवला. मग तो बाईच्या बोलण्यात दिसला, की साहेबाची भुवई वर जाणारच.

स्वीडनमध्ये मात्र हा शब्द एका मुलीच्या मालकीचा आहे. आस्त्रिद लिंडग्रेनच्या १९४८ च्या पुस्तकात पिप्पी लाँगस्टॉकिंगला एके सकाळी ‘स्पंक’ हा शब्द सुचतो. अर्थ तिलाही माहीत नाही. ती तो शोधायला निघते. दुकाने पालथी घालते, डॉक्टरकडे जाते. शेवटी वाटेत दिसलेला एक किडा म्हणजेच स्पंक, असे ती स्वतः ठरवते आणि विषय संपवते. इंग्रजी स्पंकशी त्याचे नाते नाही. पण पिप्पी घोडा उचलते, आणि तिला कोणाच्या शाबासकीची गरज पडत नाही.

मेरी रिचर्ड्सला पडत होती. कारण तिला नोकरी हवी होती.

आता १९७० या सालाकडे पाहू. मालिका सुरू होण्याच्या सहा महिने आधी, १६ मार्चला, न्यूयॉर्कच्या ‘न्यूजवीक’ साप्ताहिकातल्या ४६ बायकांनी मालकांविरुद्ध समान संधी आयोगाकडे तक्रार दाखल केली. त्यांची वकील होती एलेनॉर होम्स नॉर्टन. तक्रार साधी होती. संशोधन बायकांनी करायचे, कात्रणे बायकांनी काढायची, टपाल बायकांनी वाटायचे आणि लेखाखाली नाव पुरुषाचे. उत्तम विद्यापीठांतून शिकून आलेल्या या मुली. त्यांनी दिवस निवडला तोही नेमका. त्याच दिवशी ‘न्यूजवीक’चा मुखपृष्ठलेख बाजारात आला होता. विषय : बायकांचे बंड. तो लेख लिहायला कार्यालयात बाई लेखक जवळजवळ नसल्यामुळे साप्ताहिकाला बाहेरून हेलन ड्यूडर यांना बोलवावे लागले होते.

मालकीण बाईच होती, कॅथरिन ग्रॅहम. त्याने फरक पडला नाही.

या ४६ जणींना त्यांचे संपादक काय म्हणत असतील, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. हुशार आहेत. चटपटीत आहेत. यांच्यावाचून आमचे पान हलत नाही. हे सगळे खरेही असेल. कौतुक खोटे असते अशी तक्रार कोणी केली नव्हती. कौतुकाखाली नाव छापत नाहीत आणि पगार वाढत नाही, एवढीच तक्रार होती. ऑगस्टमध्ये व्यवस्थापनाने करार केला. दोन वर्षांनी बायकांना पुन्हा तक्रार करावी लागली.

कायदा नव्हता असे नाही. समान कामाला समान वेतन, हा कायदा जॉन केनेडींनी १० जून १९६३ लाच सहीनिशी केला होता. त्यात एक भोक होते. अधिकारी, प्रशासकीय आणि व्यावसायिक पदांवरच्या लोकांना तो लागू नव्हता. म्हणजे सेक्रेटरीला संरक्षण होते. नाव जरा वरचे मिळाले, की ते संरक्षण सुटण्याची सोय मालकाकडे होती. मेरी रिचर्ड्सने असोसिएट प्रोड्युसर हे नाव घेतले तेव्हा तिने आठवड्याचे दहा डॉलर सोडले, आणि कदाचित कायद्याची कडाही सोडली. हे भोक १९७२ च्या उन्हाळ्यात बुजवले गेले. त्या काळात पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या अमेरिकी बाईची कमाई पुरुषाच्या डॉलरमागे एकोणसाठ सेंटच्या आसपास होती. पुढे बायका ५९ आकड्याचे बिल्ले छातीवर लावून हिंडल्या. स्पंकचा बिल्ला कोणी लावला नाही.

मालिका लिहिणाऱ्यांना हे सगळे कळत होते. जेम्स ब्रुक्स आणि अ‍ॅलन बर्न्स बावळट नव्हते. दहा डॉलर त्यांनी चुकून घातलेले नाहीत. शिवाय मालिकेची निर्मिती करणारी कंपनी मूर आणि तिच्या नवऱ्याची, ग्रँट टिंकरची, स्वतःची होती. पडद्यावर दहा डॉलर सोडणारी बाई पडद्यामागे मालकीण होती. वाहिनीपुढे मात्र तिचेही चालले नाही. मेरी रिचर्ड्स घटस्फोटित दाखवायची असे लेखकांनी ठरवले होते. सीबीएसने नकार दिला. घटस्फोटित बाई प्रेक्षकांना रुचणार नाही, म्हणून ती ठरलेले लग्न मोडलेली झाली. धमक हवी, पण बेताची.

लेखकांनी विनोदाचे दोन भाग लिहिले होते. पहिल्या भागात साहेब बाईवर गुरकावतो. दुसऱ्या भागात साहेबाची लबाडी उघडी पडते. लोकांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला. यात लोकांचे तरी काय चुकले? लू ग्रँट माणूस मनाने चांगला. टेबलाच्या खणात बाटली ठेवणारा, बोलायला फटकळ, आतून हळवा. असा साहेब सगळ्यांनाच आवडतो. त्याने कमी दिलेले पैसे त्याच्या हळवेपणात वळते होतात.

संबोधनाकडेही पाहावे. सगळे कार्यालय त्याला लू म्हणते. तो सगळ्यांना नावाने हाक मारतो, मेरीलाही. एकटी मेरी सात वर्षे, १६८ भाग, त्याला ‘मिस्टर ग्रँट’ म्हणत राहते. लू म्हणायचा एखादा प्रयत्न सोडला, तर कायम मिस्टर ग्रँट. दरम्यान तिला बढती मिळाली, ती प्रोड्युसर झाली. संबोधन तेच राहिले. जिच्यात स्पंक आहे असे पहिल्या दिवशी ठरले, तिची ही गोष्ट. शब्द देणारा वर, घेणारी खाली, हे एकदा ठरले, की बढतीनेही ते बदलत नाही.

दोन वर्षांनी, १६ सप्टेंबर १९७२ रोजी, मालिकेचा तिसरा हंगाम सुरू झाला. कायद्यातले भोक बुजून जेमतेम अडीच महिने झाले होते. त्या भागात मेरीला कळते, की तिच्या जागेवर आधी असलेल्या पुरुषाला आठवड्याला तिच्यापेक्षा पन्नास डॉलर जास्त मिळत होते. ती साहेबाकडे जाते. का, विचारते. तो पुरुष होता, साहेब म्हणतो. आडपडदा नाही. मग सारवासारव करतो : त्याला बायकामुले पोसायची होती. मेरी त्याला विचारते, मग तीन मुलांच्या बापाला दोन मुलांच्या बापापेक्षा जास्त देता का? याचा कामाशी काय संबंध? साहेबाकडे उत्तर नसते.

हा प्रसंग पहिल्यापेक्षा चांगला आहे. त्यात गुरकावणे नाही, लाजणे नाही, विशेषण नाही. आकडा आहे आणि प्रश्न आहे. बाईने पहिल्या दिवशी दाखवली त्याहून जास्त धमक इथे दाखवली आहे. तरी आठवणीत राहिला तो पहिला. कारण उघड आहे. पहिल्या प्रसंगात बाईची धमक साहेबाच्या तोंडून येते आणि तिथेच संपते. दुसऱ्यात ती त्याच्या तिजोरीपर्यंत जाते. तिजोरीपर्यंत गेलेल्या धमकेला ‘स्पंक’ म्हणायची पद्धत नाही. तिला वेगळे शब्द आहेत : हेकट, आक्रस्ताळी, भांडकुदळ. वागणे तेच. रक्कम मागितली, की विशेषण बदलते.

मराठीला यात मागे राहण्याचे कारण नव्हते, आणि ती राहिलेली नाही. आमच्याकडे मंत्री धडाडीचे असतात, उद्योजक झेपावणारे असतात, पोलीस आयुक्त कर्तव्यकठोर असतात. चुणचुणीत कोण असते? शाळेतली मुलगी. कार्यालयात नव्याने लागलेली मुलगी. राज्याचे मुख्य सचिव चुणचुणीत आहेत असे वाक्य कोणत्याही वृत्तपत्राने आजवर छापले असेल असे वाटत नाही. बाई त्या खुर्चीवर बसली, तरी तिच्यासाठी शब्द सापडेपर्यंत बातमीदाराची दमछाक होते. शेवटी ‘बाई असूनही’ हे दोन शब्द मदतीला येतात. ते छापायचे नाहीत एवढे अलीकडे शिकवले गेले आहे. पण वाक्याची चाल तीच असते.

कोणी म्हणेल, एका विनोदी मालिकेतल्या दहा डॉलरवर इतके ताणायचे कशाला. ठीक. मालिका बाजूला ठेवू. खऱ्या बाईकडे जाऊ.

लिली लेडबेटर. अलाबामातल्या गॅड्सडेन गावी गुडइयर टायरच्या कारखान्यात १९७९ पासून १९९८ पर्यंत नोकरी. पद पाळी-व्यवस्थापकाचे, म्हणजे पाळीवरच्या माणसांकडून काम करून घेण्याचे. या पदावर बायका जवळपास नव्हत्याच. १९९६ साली तिला उत्तम कामगिरीचा पुरस्कार मिळाला. कंपनीनेच दिला. नोकरी संपत आली तेव्हा कोणीतरी तिच्या हाती एक निनावी चिठ्ठी पोचवली. चिठ्ठीत तिचा पगार होता आणि त्याच कामावरच्या पुरुषांचे पगार होते. न्यायालयात नोंदले गेलेले आकडे असे : १९९७ च्या अखेरीस तिला महिन्याला ३,७२७ डॉलर. त्याच पदावरच्या पुरुषांत ज्याला सर्वांत कमी, त्याला ४,२८६. ज्याला सर्वांत जास्त, त्याला ५,२३६.

पुरस्कार खोटा नव्हता. ती चांगले काम करत होती हे कंपनीला मान्य होते, म्हणून तर दिला. पण पुरस्कार देणाऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर त्या पदाची सर्वांत खालची ओळ तिचीच होती. दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयात, एकाच वेळी, विनातक्रार नांदत होत्या. दहा डॉलरचा विनोद ज्यांना ताणलेला वाटतो, त्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. मालिकेत निदान साहेबाने आकडा तोंडावर सांगितला होता. लेडबेटरला तो चिठ्ठीतून कळला, तोही कोणाच्या तरी दयेने.

ती न्यायालयात गेली. ज्यूरीने तीस लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. ती रक्कम आधी घटवली गेली, मग वरच्या न्यायालयात निकालच फिरला. २९ मे २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्याविरुद्ध निर्णय दिला. कारण असे, की भेदभावाचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जे तिला माहीतच नव्हते त्याबद्दल. त्या खंडपीठावर तेव्हा एकच बाई होती, रूथ बेडर गिन्सबर्ग. तिने आपले विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखवले. या वयात ही बाई काय पण बोलते, अशा थाटाचे कौतुक पुढे तिच्याही वाट्याला भरपूर आले. तिची छायाचित्रे कपांवर आणि टी-शर्टांवर छापली गेली. मत मात्र चारांतच राहिले.

मग कायदा बदलला. प्रत्येक कमी पगाराबरोबर तक्रारीची मुदत नव्याने सुरू होईल, अशी दुरुस्ती झाली. २९ जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांनी अध्यक्ष म्हणून सही केलेला हा पहिला कायदा. सही करताना लेडबेटर शेजारी उभी होती. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. कायद्याचे नाव लिली लेडबेटर न्याय्य वेतन कायदा. नवा नियम तिच्या संपलेल्या खटल्याला लागू पडत नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती वारली. कायद्याला तिचे नाव मिळाले. तिला थकलेल्या पगारातला एक डॉलरही मिळाला नाही.